शेवंतीबाईंची काळी वायर

नाव: सौ. शेवंती सहदेव घाडीगावकर. कर्मचारी क्रमांक: ११४७. हुद्दा: असेंब्ली ऑपरेटर, लाईन क्रमांक तीन. शिक्षण: सातवी उत्तीर्ण. सेवा: चौदा वर्षे. दीर्घ रजा: दोन (बाळंतपण एक, सासूचे आजारपण एक). ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना व्रण. शेरा: सदर कर्मचाऱ्याच्या निष्काळजी व सदोष सोल्डरिंगमुळे निर्यातीच्या मालातील तीनशे वायर-जोडण्या जळून कंपनीच्या नावलौकिकास बाधा पोचली आहे. सबब सेवा समाप्त करण्यात येत असून सदर कर्मचारी पुनर्नियुक्तीस कायमस्वरूपी अपात्र समजण्यात यावी. दिनांक ११ फेब्रुवारी २००५. सही: देवदत्त सबनीस, उत्पादन प्रमुख.

अंधेरीच्या निर्यात क्षेत्रातल्या एका कारखान्याचा हा मेमो. कारखाना आता नाही. त्या जागी काचेची इमारत आहे आणि तिच्यात नेमकं काय चालतं हे रोज आत जाणाऱ्यांनाही धड सांगता येत नाही. मेमो मात्र शाबूत आहे. सहदेव म्हणाला होता, फाडून टाक, डोक्याला ताप नको. शेवंतीबाई उठल्या, भांडुप स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेल्या आणि तो लॅमिनेट करून आणला. घरात लॅमिनेट केलेले कागद दोनच. दुसरा सहदेवच्या साखरेच्या पथ्याचा. तो भिंतीवर आहे आणि पाळला जात नाही.

मेमोत जे लिहिलं नाही ते असं.

त्या कारखान्यात इस्पितळातल्या खाटा वरखाली करणाऱ्या मोटरींचे कंट्रोलर तयार होत. मोटर आणि कंट्रोलर यांना जोडणारी एक वायरींची जोडणी असे: एक लाल, एक काळी, दोन्ही जाड. २००४ च्या ऑक्टोबरात स्टोअरमधली जाड काळी वायर संपली आणि माल जहाजावर चढवायची तारीख चार दिवसांवर आली. देवदत्त सबनीस लाईनवर आले. वाणिज्य शाखेचे पदवीधर, वय पंचावन्न, शर्टाच्या खिशात तीन पेनं. म्हणाले, काळी बारीक लावा.

शेवंतीबाई म्हणाल्या, "साहेब, काळी बारीक वाटते."

तेव्हा साहेबांनी विज्ञान सांगितलं. "लाल वायरीतून करंट जातो. मोटरमध्ये काम करतो. मग काळीतून परत येतो. परत येणारा करंट खर्च झालेला असतो, त्याला एवढी जागा लागते कशाला? आणि तुझं काम जोडायचं आहे. काय वाटतं ते सांगायचं नाही."

शेवंतीबाईंना हे विज्ञान नवीन होतं. टेस्टिंगच्या टेबलावर मीटर लाल वायरीत लावला काय नि काळीत लावला काय, काटा एकाच आकड्यावर थांबतो, हे त्या चौदा वर्षं बघत होत्या. जेवढा जातो तेवढाच परत येतो, गुंजभरही कमी नाही. पण मीटर बोलत नव्हता आणि साहेब बोलत होते. तीनशे जोडण्या बारीक काळी वायर लावून गेल्या.

फेब्रुवारीत तीनशेच्या तीनशे जळून परत आल्या. कोणाची तरी चूक असणं आवश्यक झालं. वायर निवडणं ऑपरेटरच्या हातात नव्हतं, म्हणजे चूक वायरीची असून चालणार नव्हतं. ऑपरेटरच्या हातात फक्त सोल्डरिंग होतं, कथलाने सांधे जोडणं. साहेबांनी लाईन थांबवली, चाळीस बायकांना गोळा केलं आणि शेवंतीबाईंच्या हातात एक जळलेली जोडणी देऊन त्यांना पुढे उभं केलं. त्यांनी ती छातीशी धरली. साहेब म्हणाले, "वर धर. मागच्यांना दिसत नाही."

त्यांनी वर धरली. मागच्यांना दिसली.

संध्याकाळी फाटकावरच्या रखवालदाराने त्यांची पिशवी तपासली, डबा तपासला नाही. डब्यात उरलेल्या भाकरीखाली ती जोडणी होती. घरी येऊन त्यांनी ती पुसली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि साडीच्या खोक्यात ठेवली. खोक्यात साडी नव्हतीच. ती धाकट्या नणंदेला दिली होती.

त्यानंतर वीस वर्षं शेवंतीबाई भांडुपच्या एका गाळ्यात लिफ्टमधल्या आकडे दाखवणाऱ्या पाट्या सोल्डर करत आल्या. पूर्व उपनगरांत निदान चारशे इमारतींतली माणसं आपण कितव्या मजल्यावर आहोत हे त्यांच्या हातामुळे जाणतात. तक्रार एकही नाही. हे मुद्दाम नोंदवलं, कारण कुठल्याही फाईलीत ते नोंदवलेलं नाही.

सुडाची बाब म्हणाल तर शेवंतीबाई नियमित होत्या. नरकचतुर्दशीला पहाटे आंघोळीच्या आधी तुळशीपुढे कारीट फोडायचं, ही कणकवलीकडची रीत त्यांनी भांडुपलाही सोडली नव्हती. कारीट म्हणजे अंड्याएवढं कडू फळ. ते म्हणजे नरकासुर समजायचा, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली चिरडायचा आणि त्याची बी जिभेला लावायची. चाळीतले बाकीचे लोक नरकासुर फोडत. शेवंतीबाई देवदत्त फोडत. नाव मोठ्याने घेत. शेजारच्या नव्या सुनेला कितीतरी वर्षं वाटत होतं की नरकासुराचं खरं नाव देवदत्त असावं. अशा वीस दिवाळ्या झाल्या.

आता मुलुंड पूर्वेकडे जाऊ. तिथे उत्तररंग ज्येष्ठ नागरिक मंडळ आहे. मंडळाला पन्नास वर्षं झाली आणि सुवर्णमहोत्सवात चाळीस सभासदांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरलं. कोणाचा, यावर वाद झाला नाही. कोणाच्या हस्ते, यावर झाला. दोन माजी अध्यक्ष होते आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच्या हस्ते ठेवला तर दुसरा येणार नव्हता. दोघांच्या हस्ते ठेवला तर सत्कारमूर्तीच येणार नव्हते, कारण शाल दोन्हीकडून ओढली गेल्याचा पूर्वानुभव होता. तीन बैठका याच्यावर गेल्या. चौथीत एक सभासद उठले आणि म्हणाले, "यंत्राच्या हस्ते करू."

हे सभासद म्हणजे देवदत्त सबनीस. वय पंचाहत्तर.

निवृत्तीनंतर त्यांनी यंत्रांचा छंद लावून घेतला होता. व्हिडिओ बघून बघून त्यांनी अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा एक हात बनवला. खांद्यात दोन, कोपरात एक, मनगटात एक, बोटांत दोन, अशा सहा सर्व्हो मोटरी. सर्व्हो म्हणजे नुसती गरगर फिरणारी मोटर नव्हे. सांगितलं तेवढंच वळून तिथेच थांबणारी. तिला तीन वायरी असतात, दोन विजेच्या आणि तिसरी निरोपाची, किती वळायचं त्याच्या. सहाही मोटरींच्या वायरी एका कंट्रोलरला जातात आणि त्या कंट्रोलरला वीज आणून देते एक जोडणी: एक लाल, एक काळी. यंत्राला पांढरा हातमोजा घातला होता आणि सोनेरी बटणांची झब्ब्याची बाही शिवली होती. लांबून ते एखाद्या सुखवस्तू गृहस्थाच्या उजव्या हातासारखं दिसे. पहिला सत्कार सबनीसांचाच होता, जीवनगौरव म्हणून. स्वतः बनवलेल्या हाताने स्वतःचा सत्कार करून घेणं मंडळाला वावगं वाटलं नाही. माणसं हे हातांशिवायही करतात.

तालमीत हाताने प्लास्टिकचा चेंडू उचलून पुढे केला. टाळ्या पडल्या. मग खरा नारळ ठेवला. हात उचलला गेला, थरथरला आणि टेबलाखालून धूर आला. नवी जोडणी केली. पुन्हा नारळ, पुन्हा धूर. सभागृहाच्या मालकाने कळवलं, धुराचं कारण आणि दुरुस्तीची हमी लेखी द्या, नाहीतर कार्यक्रम दुसरीकडे करा. सबनीस म्हणाले, "साधी गोष्ट आहे. सोल्डरिंग कच्चं आहे."

हे वाक्य बोललं गेलं तेव्हा प्रेमा चहाचे कप गोळा करत होती. प्रेमा सभागृहाची झाडलोट आणि चहापाणी बघते. वीस वर्षांपूर्वी ती लाईन क्रमांक तीनवर शेवंतीबाईंच्या शेजारी बसत असे. कप तसेच टाकून ती मोरीत गेली आणि तिने फोन लावला.

"शेवंते, बसलंस मा? बस आधी. तो मेलो जितो आसा."

"कोण मेलो?"

"सबनीस. माका वळाखल्यान नाय. चाय घेतल्यान, साखर कमी आसा म्हणालो."

"मग घालायची ना दोन चमचे. मला कशाला फोन करतेस, कामात आहे मी."

"अगो ऐक तरी. यंत्र केल्यान आसा. त्येच्यो वायरी जळतत. आणि म्हणता काय, सोल्डरिंग कच्चा आसा."

फोनवर सोल्डरिंगचं आयर्न खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हॅलो? शेवंते?"

"काळी जळते की लाल?"

"काळी."

"जाड आहे की बारीक?"

"बारीक, गो. शेवयेसारखी."

"प्रेमा," शेवंतीबाई म्हणाल्या, "त्यांना सांग, सोल्डरिंगवाली बाई आहे एक."

मंडळाचे कार्यवाह नंदकुमार टिपणीस यांना प्रेमाने सांगितलं की सोल्डरिंगमध्ये या बाईचा हात कोणी धरू शकणार नाही. टिपणीस मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. लेखी असलेल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास बसे. त्यांनी शनिवारी दुपारी तीनची वेळ दिली आणि वहीत तसं लिहून ठेवलं.

शनिवारपर्यंत चार दिवस होते. प्रेमाकडे योजना तयारच होती. दोन वायरी उलट्या जोडायच्या. ऐन कार्यक्रमात भडका. शाल पेटली तरी चालेल.

"नाही," शेवंतीबाई म्हणाल्या.

"का? दया आली?"

"दया कसली, डोंबल. अगं, उलटं जोडलं तर सोल्डरिंग सदोष झालं ना! म्हणजे त्याने लिहिलं ते खरं झालं. वीस वर्षं थांबून मी त्याच्याच मेमोवर सही करू?"

प्रेमाने विचार केला. अडचण खरी होती. या माणसाचा सूड घ्यायचा तर काम बिनचूक करण्यावाचून इलाज नव्हता.

शेवंतीबाईंना त्या चार दिवसांत एकच धास्ती होती. माणूस वीस वर्षांत सुधारला असला तर? वायर बारीक आहे म्हटल्यावर तो "अरे हो की" म्हणाला तर? मग काय करायचं? त्यांनी देवाला काही मागितलं नाही, पण देवापुढे चिंता व्यक्त केली.

शनिवारी त्या मुलुंडला गेल्या. सबनीसांनी त्यांना ओळखलं नाही. अडतीसाव्या वर्षी हातात जळकी वायर घेऊन उभी असलेली बाई आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी चष्मा लावून, पिशवीत स्वतःचं आयर्न घेऊन आलेली बाई, यांत फरक असतोच. शिवाय त्या दिवशी साहेब तिच्याकडे बघत नव्हते, मागच्यांकडे बघत होते.

"या बाई, या," साहेब म्हणाले. "हे बघा, डिझाइन उत्तम आहे. फक्त सोल्डरिंग कच्चं. दुकानातली पोरं काय, हात मारून मोकळी होतात."

शेवंतीबाईंनी जळलेली जोडणी उजेडाशी नेली. त्यांना दोन सेकंद लागले. सांधा कच्चा असेल तर तो सांधाच तापतो. तिथेच काळं पडतं, तिथलंच प्लास्टिक वितळतं, पुढची वायर कोरी राहते. इथे उलटं होतं. सांधे चकचकीत होते आणि काळी वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी करपली होती. प्लास्टिक ओघळून आत तांबं दिसत होतं. म्हणजे संपूर्ण वायरीलाच भार सोसला नव्हता. सहा मोटरींना जेवढा करंट लागतो तेवढा सगळा या एका काळीतून परत येत होता. चेंडू हलका होता तोवर निभलं. नारळ जड, मोटरी कण्हू लागल्या, करंट वाढला. हात थरथरला तोही त्यानेच. वायरीतच वीज खर्ची पडू लागली आणि मोटरींना पुरेना.

शेवंतीबाईंनी यातलं काही सांगितलं नाही. विचारलं फक्त, "चेंडूला जळली नाही, नारळाला जळली. असंच ना?"

"नारळाचा काय संबंध?" साहेब हसले. "वायरीला नारळ कुठे लागतोय?"

टिपणीसही हसले. मग शेवंतीबाईंनी आयर्न खाली ठेवलं, साहेबांकडे बघितलं आणि वीस वर्षांपूर्वीचं वाक्य, एकही शब्द न बदलता, पुन्हा म्हटलं.

"साहेब, काळी बारीक वाटते."

प्रेमा दारात कपबशी घेऊन उभी होती.

"बाई," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "लालमधून करंट जातो, बरोबर? काम करतो. काळीतून येतो तो खर्च झालेला करंट. सकाळी ऑफिसला जाणारा माणूस आणि संध्याकाळी परत येणारा माणूस, फरक असतो की नाही? तुम्ही जोडा. ते वाटायचं-बिटायचं माझ्यावर सोडा."

प्रेमाने कपबशी खुर्चीवर ठेवून पदर खोचला. शेवंतीबाईंच्या चेहऱ्यावर मात्र, टिपणीसांनी नंतर सांगितलं त्याप्रमाणे, एखाद्याला परीक्षेत नेमका येत असलेलाच प्रश्न यावा तसं समाधान पसरलं. माणूस सुधारला नव्हता. सुधारणार कसा? त्याची चूक त्याने दुसऱ्याच्या नावावर लिहून टाकली होती. मग ती त्याच्यापाशी उरलीच नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "कुठली वायर, किती जाडीची, तेवढं कागदावर लिहून द्या. मी सातवी पास. विसरायला होतं."

"अगदी योग्य," टिपणीस म्हणाले. "साहेब, दिनांक घाला. आणि सही."

साहेबांनी तीन पेनांतलं मधलं पेन काढलं. आकृती काढली, लाल जाड, काळी बारीक असं लिहिलं, खाली पल्लेदार सही केली. सही तीच होती. शेवंतीबाईंनी ती लॅमिनेशनखाली इतक्या वेळा पाहिली होती की त्यांना ती काढतासुद्धा आली असती.

पुढच्या शनिवारी चाचणी ठरली. त्या आठवड्यात शेवंतीबाईंनी दोन जोडण्या केल्या. एक साहेबांच्या कागदाबरहुकूम. दुसरीत काळी वायर लालइतकीच जाड. कंट्रोलरपासून सगळ्या मोटरींपर्यंत वीस सांधे त्यांनी नव्याने केले आणि प्रत्येक सांधा बोटाने ओढून, मग चष्मा काढून डोळ्याला लावून बघितला. हयातभर त्यांनी चांगलंच काम केलं होतं, पण द्वेषाने केलेलं काम वेगळंच दिसतं. त्याला एक झिलई असते.

नारळही त्यांनीच नेला. भांडुपच्या बाजारात नारळवाल्यापुढे त्या पंचवीस मिनिटं बसल्या. एकेक उचलायचा, तोलायचा, कानाशी हलवायचा.

"मावशी, पूजेला ना? कुठला पण चालतो."

"सत्काराला आहे. भरलेला हवा."

शेवटी त्यांनी ढिगातला सगळ्यात वजनदार नारळ घेतला. नारळवाला म्हणाला, "साहेब मोठे दिसतायत." शेवंतीबाई म्हणाल्या, "बघू आता."

चाचणीला पन्नासेक सभासद जमले. दोन्ही माजी अध्यक्ष दोन टोकांना बसले. शेवंतीबाईंनी आधी सभागृहाचं नुकसान होणार नाही याची व्यवस्था केली. टेबलावर लादी ठेवली, जोडणी त्या लादीवर उघडी मांडली, बाजूला वाळूची बादली ठेवली आणि भिंतीवरच्या बटणापाशी प्रेमाला उभं केलं. आग नको होती. धूर हवा होता.

"जोडणी साहेबांच्या कागदाप्रमाणे आहे," त्यांनी सांगितलं. "टिपणीससाहेब, ताडून घ्या."

टिपणीसांनी कागद आणि वायर शेजारी धरून ताडून घेतलं आणि वहीत "तंतोतंत" असं लिहिलं.

सबनीसांनी बटण दाबलं. पांढरा हात खाली गेला, बोटांनी नारळ धरला, शेंडी वर. हात उचलला गेला. सभागृहात कौतुकाचा आवाज झाला. मग कोपराशी हात थरथरायला लागला, पहिल्यांदा बारीक, मग एखाद्या खऱ्या ज्येष्ठ नागरिकासारखा. लादीवरची काळी वायर आधी चमकदार झाली, मग मऊ, मग तिच्या पूर्ण लांबीवरून एकदमच धुराची रेघ उठली. हाताने नारळ सोडला. तो टेबलावर आपटला, गडगडला आणि दोन माजी अध्यक्षांच्या बरोबर मध्ये जाऊन थांबला. दोघांनीही उचलला नाही.

"प्रेमा, बंद," शेवंतीबाई म्हणाल्या. प्रेमाने बंद केलं.

"बघा!" साहेब ओरडले. "मी काय म्हणत होतो? सोल्डरिंग! बाई, तुमचं सोल्डरिंग—"

"साहेब, हातात घेऊन बघा ना. आता थंड झाली."

साहेबांनी जोडणी उचलली आणि डोळ्यांजवळ नेली. टिपणीस उठून आले. आणखी दोघे निवृत्त अभियंते काठ्या टेकत आले.

"सांधा बघा," शेवंतीबाई म्हणाल्या. "काळा पडला?"

"नाही," एक अभियंता म्हणाले. "चकाचक आहे."

"ओढून बघा."

ओढून बघितला. सुटला नाही.

"वायर बघा."

"ही तर टोकापासून टोकापर्यंत करपलीय," अभियंता म्हणाले. "अहो सबनीस, सहा मोटरींच्या परतीला ही एवढीशी वायर? लालमधून जेवढा गेला तेवढाच काळीतून येणार ना. हे शाळेतलं आहे."

मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "काय झालं? आम्हाला पण सांगा की!"

तेव्हा शेवंतीबाई एक पाऊल मागे सरल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, वर धरा. मागच्यांना दिसत नाही."

साहेबांनी वर धरली. सवयीने धरली. उत्पादन प्रमुख असताना अशा वस्तू वर धरायला लावायची त्यांना इतकी सवय होती की सांगणारं कोण आहे हे बघायच्या आधीच हात वर गेला. जळकी वायर पंख्याच्या वाऱ्यात हलत राहिली. पन्नास म्हाताऱ्यांनी माना उंचावून पाहिली. मग साहेबांनी शेवंतीबाईंकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच, आणि हात वरच राहिला.

"तू... कुठल्या लाईनवर होतीस?"

"'तुम्ही' म्हणा साहेब. सगळे बसलेत. तिसऱ्या."

त्यांनी पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक लॅमिनेट केलेला मेमो, दुसरी प्लास्टिकच्या पिशवीतली जोडणी. ती त्यांनी साहेबांच्या हातातल्या जोडणीशेजारी धरली. एक वीस वर्षं जुनी, दुसरी वीस मिनिटं जुनी. दोन्हींत काळी बारीक, दोन्हींत काळी टोकापासून टोकापर्यंत करपलेली, दोन्हींत सांधे जिथल्या तिथे. टिपणीसांनी मेमो वाचला. कक्ष अधिकाऱ्याने वाचावा तसा, आधी जावक क्रमांक, मग सही, मग मजकूर. सही त्यांनी आठवड्यापूर्वीच्या कागदावरच्या सहीशी ताडून पाहिली.

"ती वेळ वेगळी होती," साहेब म्हणाले. त्यांनी हात खाली घेतला होता. "वरून दबाव होता. कोणाचं तरी नाव द्यावंच लागणार होतं. तुम्हाला कळत नाही, बाई."

"कळतं ना. माझं दिलंत."

"मग आता काय, माफी मागू?"

"माफी नको," शेवंतीबाई म्हणाल्या. "माफीचं मी काय करू? लिहून द्या."

सभागृहाच्या मालकाला लेखी कारण हवंच होतं. टिपणीसांनी जागेवरच मसुदा केला. "तपासणीअंती असे निदर्शनास आले की, जोडणी जळण्याचे कारण सोल्डरिंगमधील दोष हे नसून परतीच्या वायरीची जाडी अपुरी निवडली जाणे हे होय. सदर निवड श्री. देवदत्त सबनीस यांनी लेखी आदेशाने केली होती. सन २००४ मधील जोडणीतही हाच दोष, याच कारणाने, आढळून येतो." शेवटचं वाक्य सभागृहाच्या मालकाला लागत नव्हतं. टिपणीस म्हणाले, संदर्भासाठी असू द्या.

साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. कार्यक्रम आठ दिवसांवर होता. हमी गेली नाही तर सभागृह नव्हतं, सभागृह नव्हतं तर जीवनगौरव नव्हता. दोन्ही माजी अध्यक्ष, पहिल्यांदाच एका बाजूने, त्यांच्याकडे बघत होते. साहेबांनी सही केली. या वेळी ती फार पल्लेदार आली नाही.

शेवंतीबाईंनी पिशवीतून जाड काळी वायर लावलेली दुसरी जोडणी काढली आणि वीस मिनिटांत बसवली. काम अर्धं टाकून जायची त्यांना सवय नव्हती आणि यंत्राशी त्यांचं वैर नव्हतं. टिपणीसांनी अध्यक्षांच्या मधला नारळ उचलून आणला. हाताने तो उचलला, न थरथरता पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. घ्यायला कोणी पुढे आलं नाही, म्हणून प्रेमाने घेतला.

कार्यक्रम झाला. साहेबांना शाल आणि श्रीफळ मिळालं. मानपत्रात मूळ वाक्य होतं, "दर्जाच्या बाबतीत त्यांनी आयुष्यभर तडजोड केली नाही." टिपणीसांनी ते काढलं. त्यांचं म्हणणं, दप्तरी असलेल्या अहवालाशी विसंगत मजकूर मानपत्रात घेता येत नाही. त्याऐवजी "ते वक्तशीर आहेत" असं घातलं. ते वाचलं गेलं तेव्हा शेवंतीबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. टाळ्या वाजवल्या. मोजून तीन.

मग त्यांनी अहवालाची प्रत जोडून कंपनीला अर्ज केला की मेमो रद्द करावा. पाकीट पंधरा दिवसांनी परत आलं. वर शिक्का होता, या पत्त्यावर कोणी नाही. टिपणीसांनी कायदा बघून सांगितलं की मेमो रद्द करण्याचा अधिकार तो काढणाऱ्या आस्थापनेलाच असतो आणि आस्थापना अस्तित्वात नसल्यास मेमो कायम राहतो.

दिवाळीला प्रेमा भांडुपला आली. तुळशीपुढे दोन कारिटं मांडलेली होती.

"आता कशाक? सही दिल्यान ना?"

"एक सहीचं," शेवंतीबाई म्हणाल्या, "आणि एक 'तुम्हाला कळत नाही'चं." आणि डावा अंगठा दोन्हींवर दिला.

कागदोपत्री कर्मचारी क्रमांक ११४७ आजही निष्काळजी असून पुनर्नियुक्तीस कायमस्वरूपी अपात्र आहे. तीनशे जळक्या जोडण्यांपैकी एक भांडुपला साडीच्या खोक्यात आहे. तिला चार सांधे आहेत. चारही शाबूत आहेत.